मारुंजीतून समुपदेशक शोधताना

भारतात समुपदेशकाला परवाना देणारी, आणि चूक झाली तर तो काढून घेणारी, पूर्ण यंत्रणा अजून उभी राहायची आहे. कायदा झाला, आयोग आला, राज्य परिषदांची जुळवाजुळव सुरू आहे. पण आज रात्री मारुंजीतल्या एखाद्या इमारतीत कुणी मोबाइलवर ‘ऑनलाइन काउन्सेलर’ शोधायला घेतला, तर समोर येणाऱ्या नावांपैकी कोणतं नाव कुणी तपासलेलं आहे हे सांगणारी एकच एक यादी त्याला मिळत नाही. हसरा फोटो मिळतो, हजारो आयुष्यं बदलल्याचा दावा मिळतो, पैसे भरायची सोय मिळते. खात्री मात्र ज्याची त्याने करून घ्यायची. आणि ती करायची वेळ अशी, की रात्र रात्र झोप नसते, जेवण जात नसतं, वाजणारा फोन उचलायचाही धीर होत नसतो. आजारी माणसावरच तपासनिसाचं काम टाकणारी ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. ती बदलेपर्यंत ते काम थोडं सोपं व्हावं, म्हणून हा लेख.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडीच्या लक्ष्मी चौकातून आत वळलं की मारुंजीचा रस्ता लागतो. राजीव गांधी आयटी पार्क वाढत गेला तशा शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं, पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं, आणि नोकरी हिंजवडीत, नाहीतर कंपनीच्या बसने चाकण-तळेगावला. महापालिकेत जायचं की नाही याची चर्चा वर्षानुवर्षं चालूच आहे. राहणारे बहुतेक कुठून तरी आलेले. एका खोलीत चौघं मिळून पीजीत राहणारी, पहिल्या नोकरीतली मुलं. घराचे हप्ते आणि नोकरकपातीच्या बातम्या यांच्यात सापडलेली जोडपी. नातवंडं सांभाळायला यवतमाळहून किंवा लातूरहून आलेले, दिवसभर कुणाशी बोलावं हे न कळणारे आजी-आजोबा. बांधकामावरचे मजूर. आणि मूळची गावकरी घरं, ज्यांतल्या काहींत जमिनीच्या पैशाबरोबर भाऊबंदकीचे दावे आणि तरुण पोरांचं पिणंही आलं.

दुखणी वेगळी असली तरी मदत शोधायला निघालं की सगळे एकाच रस्त्यावर अडकतात. सरकारी मानसोपचार हवा तर औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीतलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, किंवा थेट पुणे स्टेशनजवळचं ससून. कामगार विम्यात असाल, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर चिंचवडच्या मोहननगरमधलं ईएसआय रुग्णालय. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. पण पुण्यात ‘येरवडा’ हे नाव इतक्या पिढ्या थट्टेत वापरलं गेलंय की तिथल्या बाह्यरुग्ण विभागात नुसतं विचारपूस करायला जाणंही घरच्यांना नको वाटतं. समुपदेशनाचं सत्र असतं पन्नास मिनिटांचं. संध्याकाळी भूमकर चौकाच्या गर्दीतून जाऊन परत यायचं तर त्यात निम्मा दिवस मोडतो, आणि हे आठवड्यातून एकदा, तीन-चार महिने. ‘दर बुधवारी कुठे जातोस?’ या टीम लीडच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? चाकणच्या पाळीत काम करणाऱ्याला तर बुधवारही पक्का नसतो. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्यात नाईट.

म्हणून ऑनलाइन. काहींना ही दुय्यम सोय वाटते. तसं मानायला आधार नाही. चिंता, सौम्य ते मध्यम नैराश्य, भीतीचे झटके यांच्यासाठी बोधात्मक वर्तन उपचार, ज्याला सगळे ‘सीबीटी’ म्हणतात, स्क्रीनवरूनही समोरासमोरच्या तोडीचा उपयोगी पडतो, असं गेल्या वीसेक वर्षांतल्या पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. अंतर ओलांडून मनाचं काम करण्याची परंपरा मराठीत जुनीही आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि त्यातून विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली. विमानाने जाणाऱ्या पत्रातून जे काम सुरू झालं, ते व्हिडिओ कॉलवर चालणार नाही असं म्हणणं कठीण आहे.

मराठी माणसासाठी आणखी एक मोठा फायदा आहे, त्याची चर्चा कमी होते. मारुंजीत बसून ठाण्याच्या, नागपूरच्या, कोल्हापूरच्या समुपदेशकाशी आपल्या भाषेत बोलता येतं. कामाची भाषा इंग्रजी असली तरी वडिलांचा राग, सासरचा जाच, मेलेल्या भावाची आठवण या गोष्टी फार थोड्या लोकांना इंग्रजीत सांगता येतात. शोधताना ‘भाषा: मराठी’ हा निकष फीच्याही आधी लावावा, असं माझं मत आहे.

* * *

आता नावापुढच्या पाट्यांकडे येऊ. गोंधळ तिथे आहे, आणि फसवणूकही.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले. त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा दुसऱ्या राज्याच्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापावाच लागतो. औषध लिहिण्याचा अधिकार त्यांना आहे. समुपदेशक गोळी सुचवू लागला तर तो आपली मर्यादा ओलांडतो आहे, हे तिथेच ओळखावं. डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडिओवर तपासावं कसं, याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी आली, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. काही गोळ्या ऑनलाइन लिहून देण्यावर त्यात बंधनं आहेत. म्हणून डॉक्टर ‘एकदा येऊन जा’ म्हणाले तर तो अडवणुकीचा प्रकार समजू नये.

दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. हे औषध देत नाहीत. मानसिक चाचण्या, निदानातली मदत आणि मानसोपचाराची सत्रं हे त्यांचं काम. १९९२ च्या कायद्याखाली चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत त्यांचं नाव असावं लागतं. आजवरचा त्यांचा मुख्य रस्ता म्हणजे मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल., तेही रुग्णालयात, वरिष्ठांच्या हाताखाली. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. हजार रुपये! आज पुण्यात एका सत्राची फीसुद्धा बहुधा त्याहून जास्त असते. दंडाची रक्कम कितीही हास्यास्पद असली, तरी नोंदवही खरी आहे आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. नंबर विचारायचा, नाव टाकायचं, जुळतं का ते बघायचं. नोंदणीची मुदत संपते, तिचं नूतनीकरण करावं लागतं, म्हणून तारीखही पाहायची.

आणि तिसरे सगळे. इथे कायद्याचा हात जवळजवळ सुटतो. यात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातून, ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र संस्थेतून, कर्वे समाज सेवा संस्थेतून नीट शिकून आलेली, वर्षानुवर्षं उत्तम काम करणारी माणसं आहेत. मराठी घरांतली समुपदेशनाची बरीचशी गरज त्यांनीच भागवली आहे. आणि शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन, सोमवारी ‘माइंड कोच’, ‘रिलेशनशिप एक्सपर्ट’, ‘सबकॉन्शस हीलर’ अशी पाटी लावणारेही यातच आहेत. ‘समुपदेशक’ हा शब्द वापरण्यापासून दोघांपैकी कुणालाही आज कुणी अडवत नाही. ज्यांनी पाच-सात वर्षं घालून हे शिक्षण घेतलं त्यांच्यावरही हा अन्यायच आहे. कुठेतरी दुखावून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्याकडेही संशयाने पाहतो.

हे बदलण्यासाठीच २०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आहे. २८ मार्च २०२१ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्याचा एक गट आहे: पुनर्वास परिषदेत न मोडणारे मानसशास्त्रज्ञ, आरोग्यविषयक समुपदेशक, मनोसामाजिक कार्यकर्ते त्यात येतात. प्रत्येक राज्याने परिषद नेमायची, नोंदवही उघडायची, आयोगाने किमान अभ्यासक्रम आणि तास ठरवायचे, असा आराखडा आहे. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने याच कायद्याचा आधार घेऊन मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून थांबवायला सांगितले. म्हणजे घडी बसू लागली आहे, पण सावकाश. अमेरिकेतही हे एका दिवसात झालं नव्हतं. समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनियाने १९७६ मध्ये केला. शेवटचं राज्य कॅलिफोर्निया, ते २००९ मध्ये आलं.

पण एका गोष्टीसाठी थांबून राहायचं कारण नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांची नोंद करावी आणि ती यादी प्रसिद्ध करावी, असं त्याचं कलम ५५ सांगतं. अशी यादी मराठीत, जिल्हावार, ‘ऑनलाइन सत्र घेतात का’ या रकान्यासह प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि प्रत्येक आशाताईच्या मोबाइलमध्ये असायला हवी. लसीकरणाच्या तारखा तिथवर पोचवता येतात, तर ही नावं का पोचू नयेत?

* * *

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, पदवी आणि नोंदणी मिळाली की प्रश्न संपला. तसं नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रं दिली. पद्धत साधी: माणसाने सोडून दिलेली छोटी छोटी कामं आणि भेटीगाठी पुन्हा सुरू करायला मदत. ज्यांना ही सत्रं मिळाली त्यांचं नैराश्य इतरांपेक्षा जास्त कमी झालं. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले.

हे समुपदेशक एकटे सोडलेले नव्हते, ही त्यातली कळीची गोष्ट. ठरलेली पद्धत होती, सत्रांचं ध्वनिमुद्रण होत होतं, ते एकत्र बसून ऐकलं जात होतं, कुठे चुकलं ते एकमेकांना सांगितलं जात होतं. मी कायदे आणि पदव्या यांच्यात जितकी शिरत गेले, तितकं मला हे महत्त्वाचं वाटत गेलं. तुमच्या समुपदेशकाचं काम आणखी कुणी पाहतं का? अडलं तर तो कुणाला विचारतो? मोठमोठ्या पदव्यांची माळ लावलेला, पण वर्षानुवर्षं कुणालाही न विचारता काम करणारा माणूस मला धोक्याचा वाटतो. नुकतीच शिकून आलेली, दर आठवड्याला आपल्या वरिष्ठांपुढे बसणारी मुलगी मला जास्त भरवशाची वाटते. या गोष्टीला त्या क्षेत्रात ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. पहिल्याच फोनवर हा शब्द उच्चारून बघा. चांगला समुपदेशक खुलतो, आपण कुणाकडे जातो ते सांगतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

पहिल्या फोनवर आणखी काय विचारावं? शिक्षण कुठे झालं, तिथे प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती काळ काम केलं, हे विचारावं. माझ्यासारखा त्रास असणाऱ्यांबरोबर काम केलंय का, तुमची पद्धत कोणती, साधारण किती सत्रं लागतील, हेही विचारावं. ‘तीन सत्रांत मुळापासून’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेवावा. मनाच्या उपचारात हमी देता येत नाही, आणि प्रामाणिक माणूस ती देत नाही. बारा सत्रांचे पैसे आधी भरा म्हणजे सवलत, असा आग्रह धरला तर थांबावं. दोन-तीन सत्रांनंतर पुढचं ठरवण्याचं स्वातंत्र्य आपल्याकडे असलं पाहिजे. बरे झालेल्या लोकांचे चेहऱ्यासकट व्हिडिओ जाहिरातीत लावणारा उद्या आपला व्हिडिओही मागेल, हे लक्षात ठेवावं. कुणी समलिंगी मुलाला ‘बदलून’ देतो म्हणत असेल, तर तो उपचार नाहीच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा प्रकाराला डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे. त्या मुलाला तिथून आधी बाहेर काढावं.

आणि पहिल्या सत्रात समुपदेशकाने आपल्याला काय विचारलं, याकडे तितकंच लक्ष द्यावं. ऑनलाइन बसताना त्याने विचारायलाच हवं: तुम्ही आत्ता कुठे आहात, पत्ता काय, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करू, आणि तुमच्या जिवाला धोका वाटला तर कुणाला कळवू? हे प्रश्न अनेकांना खुपतात, गोपनीयता कुठे गेली असं वाटतं. उलट, हे न विचारणारा माणूस दूर बसून आपली जबाबदारी घेत नाहीये. गोपनीयतेच्या मर्यादा सुरुवातीलाच सांगणं हेही त्याचं काम. २०१७ च्या कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर ती बाजूला ठेवावी लागते, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. सत्राची टिपणं कुठे ठेवता, ध्वनिमुद्रण करता का, हे आपण विचारायचं. ॲपवरून सत्र असेल तर जास्तच. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर लोकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी दिल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला, आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. मनातली गोष्ट विकली जाऊ शकते, हे तेव्हा जगाला कळलं.

* * *

सगळं जमलं, समुपदेशक मिळाला, वेळ ठरली. आता बसायचं कुठे?

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवरा वर्क फ्रॉम होम, सासूबाई हॉलमध्ये मालिका बघतायत, मुलाची ऑनलाइन शिकवणी. त्या घरातल्या सुनेला पन्नास मिनिटं दार लावून रडायची सोय नाही. पीजीतल्या मुलाला तर दारच नाही. म्हणून लोक पार्किंगमध्ये, गाडीत काचा वर करून बसतात. बेसमेंटमध्ये रेंज जाते, म्हणून वरच्या मजल्यावर किंवा रस्त्याच्या कडेला गाडी लावतात. कुणी गच्चीवर जातं, कुणी शतपावलीच्या नावाखाली सोसायटीच्या बागेत कानात इअरफोन घालून फिरत फिरत बोलतं. चालत बोलणं वाईट नाही, समुपदेशकाला आधी सांगितलं तर नुसत्या आवाजावरही सत्र होतं. पण गाडी चालवताना नको. मन उघडल्यावर पुढची पंधरा मिनिटं रस्त्यावर लक्ष राहत नाही.

सोसायट्यांना एक विनंती करावीशी वाटते. जिम आहे, पार्टी हॉल आहे, मग दार बंद होणारी, वायफाय असलेली, तासाभरासाठी कुणालाही कारण न विचारता मिळणारी एक छोटी खोली का असू नये? तिथे कुणी मुलाखत देईल, कुणी अभ्यास करेल, कुणी समुपदेशकाशी बोलेल. रजिस्टरमध्ये फक्त वेळ लिहायची.

ज्या बाईचा फोन नवरा तपासतो, तिच्यासाठी हे सगळं वेगळं आहे. तिथे व्हॉट्सॲपवर आलेला ‘उद्याचं सत्र ११ वाजता’ हा निरोपही मार खायला पुरेसा असतो. तिने समुपदेशकाला पहिल्याच बोलण्यात सांगावं की मला निरोप पाठवू नका, मीच फोन करेन. आणि मारहाण होत असेल तर नुसत्या समुपदेशनावर थांबू नये. १८१ ही महिलांसाठीची आणि ११२ ही तातडीची सेवा आहे.

खर्चाचं बोलायचं तर मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची योजना असते, बाहेरच्या संस्थेमार्फत. हिंजवडीत अनेकांच्या स्वागत-पाकिटात तिचं पत्रक असतं आणि ते तिथेच राहतं, कारण ‘एचआरला कळेल’ ही भीती. सर्वसाधारणपणे कंपनीला आकडे जातात, नावं जात नाहीत. पण गृहीत धरू नये, संस्थेला ईमेल करून लेखी विचारावं. सत्रं मात्र मोजकीच असतात, पुढे काय याचा विचार आधी करावा. चाकणच्या कंत्राटी कामगाराला बहुधा असलं पाकीटच मिळत नाही. विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ ने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलं, आणि विमा नियामकाने ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत ते सगळ्या पॉलिसींत आणायला लावलं. अडचण अशी की पॉलिसी सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते, आणि समुपदेशनासाठी कुणी दाखल होत नाही. पॉलिसीत ओपीडीचा भाग आहे का, ते बघावं.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी सुरुवात १४४१६ पासून करावी. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मोफत, मराठीत. बंगळूरची निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२ पासून फोन, ईमेल आणि चॅटवर मदत करते. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, जी डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केली, तिचं मराठीतलं काम पुण्यापर्यंत पोचलं आहे. पुण्यातली ‘कनेक्टिंग’ ही संस्था स्वतःला संपवण्याचे विचार येणाऱ्यांचं बोलणं ऐकते. तिथे स्वयंसेवक असतात, उपचारक नव्हे. त्या रात्रीपुरतं ऐकणारं कुणी हवं असेल तर तेही पुष्कळ असतं.

हल्ली रात्री दोन वाजता मुलं यंत्राशी, एआयशी बोलतात. ते रागावत नाही, फी घेत नाही, कंटाळत नाही. त्यात काहींना तेवढ्यापुरता धीर मिळतही असेल. पण तुम्ही त्या दिवशी चार गोळ्या जास्त घेतल्या तर ते मारुंजीतल्या तुमच्या शेजाऱ्याला फोन करत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राकडून थेरपी देण्यावर कायद्याने बंदी घातली, ती मला योग्य वाटते.

परदेशात गेलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. हिंजवडीतून ऑनसाइट म्हणून न्यू जर्सीला गेलेल्या मुलाला पुण्याच्या समुपदेशकाबरोबरची सत्रं पुढे चालू ठेवावीशी वाटतात. पण तिथला परवाना राज्याराज्याचा असतो आणि सर्वसाधारण नियम असा, की सत्राच्या वेळी अशील जिथे बसलाय तिथला परवाना समुपदेशकाकडे हवा. निघण्यापूर्वीच दोघांनी याविषयी बोलावं आणि तिथला माणूस शोधून ठेवावा. देशातल्या देशात ही अडचण नाही. आरसीआयची नोंद सगळ्या भारतासाठी एकच असते.

काही वेळा ऑनलाइन पुरत नाही. आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळतीवर आहे असं ठाम वाटतं, दिवसांमागून दिवस झोपेची गरजच वाटत नाही, दारू सोडताना हात थरथरतात आणि भास होतात, किंवा मरण्याची तारीख-पद्धत मनात ठरली आहे, तर स्क्रीन बंद करून माणसाला जवळच्या रुग्णालयात न्यावं, रात्र असली तरी. पोलिसांची भीती बाळगू नये. स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा आता गृहीत धरतो, तिला शिक्षा करत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ हेच सांगतं आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातलं, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलम उरलेलंही नाही. समुपदेशकाला हे विचार मोकळेपणाने सांगावेत, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहिते आहे.

आणि समुपदेशक पटला नाही तर? असं होतं. पदवी खरी, नोंद खरी, वागणं सभ्य, तरी सूर जुळत नाही. तीन-चार सत्रांनंतर तसं वाटत असेल तर गुपचूप फोन घेणं बंद करू नये. बहुतेक लोक नेमकं तेच करतात आणि मग ‘मला काउन्सेलिंगचा उपयोग होत नाही’ अशी समजूत करून घेतात. सरळ सांगावं, की मला इथे मोकळं वाटत नाही, दुसरं कुणी सुचवाल का? ज्याला आपलं काम कळतं तो वाईट वाटून घेत नाही. तो दोन नावं देतो, तुमची परवानगी असेल तर आजवरचं थोडक्यात लिहून नव्या माणसाकडे पाठवतो, आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही.